जोडून आलेल्या तीन सुट्ट्या

नाताळची सुट्टी शुक्रवारी आली त्या वर्षी मी अकोल्याहून एकटीच माहेरी गेले. मुलीचे दहावीचे क्लास होते म्हणून नवरा तिच्याजवळ थांबला. फोनवर आईला मी सांगितलं होतं, "काही करू नको, तीन दिवस नुसती निजायले येऊन राहिली मी." ते अर्धंच खरं होतं. माझ्या मोबाइलमध्ये भावासाठी पाहिलेल्या एका मुलीची माहिती आणि फोटो होता. शनिवारी सकाळी तिच्या घरचे आम्हाला गुरुकुंज मोझरीला भेटणार होते. दर्शनाला आलो आणि सहज गाठ पडली, असं दाखवायचं ठरलं होतं.

तिवसा स्टँडवर धाकटा भाऊ मोटारसायकल घेऊन उभा होता. तेव्हा तो अडतीस वर्षांचा होता. कल्ले पांढरे झालेले, स्वेटरच्या बाहीला झेंडूच्या पाकळ्या चिकटलेल्या. माझी बॅग त्याने पुढे टाकीवर घेतली.

"जाडी झाली तू," तो म्हणाला.

"तू वाळला."

"मी काय, वावरात फिरतो. तू खुर्चीत बसतं."

गाव तिथून आत सहा-सात किलोमीटर. घर म्हणजे वावराला लागून स्लॅबच्या दोन खोल्या आणि पुढे फरशी टाकलेली ओसरी. त्यात तो आणि आई, दोघंच. तीन एकरांत त्याचा भाजीपाला आणि झेंडू. पालक, मेथी, सांबार म्हणजे कोथिंबीर, वांगी. रोज पहाटे माल घेऊन तो अमरावतीला जायचा आणि नऊच्या आत परत घरी यायचा. काम नीट होतं त्याचं. वाफे बघितले तर कुणी आखून दिल्यासारखे.

शुक्रवार खरोखर सुट्टीसारखा गेला. आईने सोल्यांची, तुरीच्या ओल्या दाण्यांची भाजी केली होती, ज्वारीची भाकर आणि वर कच्चा कांदा. जेवून मी उन्हात बाजेवर पडले ती थेट साडेचारला उठले. भावाने उठवलं नव्हतं, पण ऊन सरकलं तशी बाज सावलीत जाईल म्हणून माझ्या झोपेतच ती दोन वेळा सरकवली होती, असं आईने नंतर सांगितलं.

चहा घेताना मी विषय काढला. त्याने फोटो पाहिला, मोबाइल परत दिला.

"ही कितवी?"

"तू मोजतो कायले?"

"मी नाई मोजत. माय मोजते. चौदावी हाये."

आई मेथी निवडत होती. तिने मान वर केली नाही.

"पोरगी शेतकऱ्याच्याच घरची हाये," मी म्हटलं. "राजापेठेत ट्यूशन क्लासमध्ये शिकवते. एकतीस वर्षांची. तेही लय दिवसांपासून पाहूनच राहिले."

"ठीक हाये," तो म्हणाला. "जाऊ. तू आली एवढ्या दूरून."

इथे एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. माझा भाऊ शिकून शेतीतच राहिला असं नाही. तो चाकणला एका कंपनीत होता, पाच माणसं हाताखाली होती. त्या नाताळच्या अकरा वर्षं आधी बाबांना अर्धांगवायू झाला. आई एकटी, बाबांना उचलायलाही दोन माणसं लागत. मला माझं घर होतं, नोकरी होती, मुलगी चार वर्षांची होती. मी त्याला फोन केला. "तू ये," म्हटलं. "कुणीतरी यायलाच पाहिजे. तुझ्या लग्नाचं माझ्यावर सोड, मी पाहते." तो आठ दिवसांत आला. बाबा पुढे दीड वर्ष जगले. तेवढ्यात चाकणची जागा गेली आणि विहिरीवर मोटर बसली. मग तो राहिलाच. त्या फोनची आठवण त्याने मला कधी करून दिली नाही. मला मात्र दर स्थळाच्या वेळी तो आठवतो.

शनिवारी सकाळी आम्ही तिघं त्याच्याच गाडीवर मोझरीला गेलो. भावाने इस्त्रीचा निळा शर्ट घातला होता. आईने लग्नात नेसायची साडी काढली, मग बदलून साधी नेसली, मग परत तीच नेसली. समाधीचं दर्शन घेतलं. झाडाखाली मुलीचे आईवडील आणि ती आधीच बसलेले होते. नमस्कार झाले. वडील बोलायला भले होते. वाफे किती, पाणी पुरतं का, झेंडूला भाव कसा, सगळं त्यांनी जाणत्या माणसासारखं विचारलं. भावानेही उत्साहाने सांगितलं. दोन शेतकरी बोलत आहेत असंच कुणाला वाटलं असतं. मला तर वाटलं, हे जुळतंय.

मग ते म्हणाले, "अमरावतीत काही जागा-गिगा घेतली का?"

"नाई," भाऊ म्हणाला.

"घ्यायचा विचार?"

"वावर सोडून कसा राहीन मी अमरावतीत? रात्री पाणी कोन देईन?"

वडिलांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं. पण त्यानंतर त्यांनी काही विचारलं नाही.

मुलगी मला म्हणाली, "ताई, चला ना, जरा पाय मोकळे करू." आम्ही दोघी रस्त्याच्या कडेने थोडं पुढे गेलो. ती सावळी, चटपटीत, आवाज वर्गात शिकवून बसलेला. आढेवेढे न घेता ती म्हणाली, "तुमचा भाऊ चांगला हाये. मले दिसते ना. पण मले गावात नाई राह्यचं."

"गाव जवळ आहे. तुझा क्लास सुटणार नाही. तो रोज अमरावतीला येतो, तुला आणील, नेईल."

"पहाटे चारले?"

मी चालता चालता तिच्याकडे वळून पाहिलं.

"ताई, राग नका मानू. तुमचे मिस्टर काय करतात?"

"बँकेत आहेत."

"तुमाले शेतकऱ्याचं स्थळ आलं नव्हतं?"

आलं होतं. लोणी टाकळीकडचं. माणूस चांगला होता, जमीन आमच्या दुप्पट होती. मी बाबांना सांगितलं होतं की विहिरीत जीव देईन पण वावरात जाणार नाही. तेव्हा भाऊ अकरावीत होता. त्यानेच माझ्या बाजूने बाबांशी भांडण केलं होतं. हे मी त्या मुलीला सांगितलं नाही. नुसतं "आलं होतं" म्हटलं.

"अन् तुमची पोरगी देसान का?"

खोटं बोलता आलं असतं. पण ती माझ्याकडे अशी पाहत होती की ते जमलं नाही. "नाही," मी म्हटलं.

"मग मले कावून म्हणून राहिल्या?" तिच्या आवाजात राग नव्हता. उलट तिने माझा हात धरला. "माह्या बाबाले वाटते हो म्हणावं. माह्यं लग्न होत नाई म्हणून माय रात्रंदिवस रडते. पण वावरात मायचं आयुष्य कसं गेलं, म्यां पाह्यलं ना. मले नाई जमत."

परत आलो तेव्हा आई मुलीच्या आईला मेथीची जुडी देत होती. घरून येताना तिने ती पिशवीत घालून आणली होती. त्या बाईने ती घेतली, कपाळाला लावल्यासारखी केली, आणि तिचे डोळे भरले. मला वाटतं तिला आपल्या मुलीचं उत्तर ठाऊक होतं.

निघताना भावाने विचारलं, "काय म्हणे ते पोरगी?"

"घरी विचारून सांगते म्हणाली."

"घरचे तर इथंच बसले होते," तो म्हणाला आणि गाडी सुरू केली.

रविवारी त्याने रोडग्याचा बेत ठेवला होता. मला वाटलं, आता नाही करणार. पण सकाळी त्याने वावरात गोवऱ्या रचल्या, कणीक जाडसर दळून आणली, वांगी स्वतः तोडली. आम्ही तिघंच होतो. गोवऱ्यांचा आर पडला तसे त्याने एकेक रोडगा आत सरकवला आणि राखेने झाकला. वांग्याची भाजी तिखट झणझणीत. त्याने रोडगा फोडून माझ्या ताटात तूप ओतलं.

"पुरे," मी म्हटलं.

"खाय. तिकडं कोन करून देते तुले?"

जेवण झाल्यावर आई भांडी घेऊन विहिरीकडे गेली. तेव्हा तो राखेत काडी फिरवत म्हणाला, "ताई, आता बंद कर."

"काय?"

"पाहणं. मले शनिवारी इस्त्री करायची सवय लागून राहिली. शर्ट घातला का माय देवाले हात जोडते. ते पाह्यवत नाई मले."

"एवढ्यात हात टेकू नको रे. अडतीस म्हणजे काही..."

"ते पोरगी खरं बोलली ना तुह्याशी?"

मी मान हलवली.

"मग बरं झालं. बाकीच्या तेराजणी तर कुंडली जमत नाई म्हणे." तो हसला. मलाही हसू आलं, आणि हसता हसता मी रडायला लागले. "मीच बोलावलं तुला चाकणहून," मी म्हटलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ते तोंडातून निघालं.

त्याने माझ्याकडे पाहिलं नाही. "आलो नसतो तं बाबाले कोन उचललं असतं?" तो म्हणाला. "पण हाव. वाटते कधी कधी." एवढंच. "नाही गं, तुझी काय चूक" असं तो म्हणेल म्हणून मी थांबले होते. तो तसं म्हणाला नाही.

संध्याकाळच्या आत त्याने मला तिवशाला सोडलं. मांडीवर पालक, सांबार आणि वांग्यांची पिशवी होती. बस लागली तशी तो म्हणाला, "पोरीले चांगलं शिकव," आणि वळून गेला.

पुढच्या उन्हाळ्यात त्या मुलीचं लग्न झालं. नवरा पुण्याला, एका कारखान्यात. स्थळं सुचवणाऱ्या व्हॉट्सॲप ग्रुपमधून भावाने आपलं नाव काढून घेतलं. मीही स्थळांचं बोलणं सोडलं. आता सुट्ट्या जोडून आल्या की मी जाते, भरपूर झोपते, आई भाकरी करते. तिचा हात हल्ली थरथरतो. ती तव्यावर भाकर टाकते तेव्हा कधी कधी तिची कड मोडते, आणि तो तीच भाकर आपल्या ताटात घेतो. मी समोर बसून ते पाहते आणि म्हणते, वांगी छान झाली. तो म्हणतो, हाव, यंदा वांगी चांगली हायेत.