बंद पडलेली पंचमी

दिंडं म्हणजे काय हे शहरातल्या बाईला सांगायला गेलं की ती म्हणते, म्हणजे मोदकच की. नाही हो बाई, मोदक नाही. कणकेची पोळी लाटायची, मधोमध पुरण ठेवायचं, चारी बाजूंनी घडी घालून चौकोनी बंद करायचं आणि चाळणीत ठेवून वाफवायचं. खाताना वर तुपाची धार. नागपंचमीला आमच्याकडं चुलीवर तवा चढत नाही, विळी हातात धरायची नाही, तळण नाही. म्हणून हे उकडलेलं गोड, वर्षातून एकदाच. आमच्या घरात दोन वर्षं तेही झालं नाही.

आमची वस्ती कन्हेरीच्या शिवारात. वडील वांगी, टोमॅटो, फ्लॉवर पिकवून बारामतीच्या मंडईत घालायचे. दारात दोन जर्सी गाई. आई, वडील, मी आणि माझ्याहून पाच वर्षांनी मोठा दादा, एवढंच घर. नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी नऊ वर्षांची होते.

पंचमीच्या आदल्या दिवशी, चौथीला, बाया भावाचा उपवास धरतात. त्या वर्षी मी हट्ट करून पहिल्यांदा धरला. दादाला चार दिवस ताप होता. बारामतीच्या डॉक्टरांनी सुई टोचली होती, ताप उतरलाही होता. अंथरुणावर पडल्या पडल्या त्यानं आईकडं दिंडं मागितली. आई खूश झाली, पोराला चव आली म्हणाली, आणि संध्याकाळी पाट्यावर पुरण वाटून ठेवलं. मी दिवसभराची उपाशी. आई गोठ्यात गेल्यावर पातेल्यात हात घातला आणि मूठभर पुरण तोंडात कोंबलं. कुणी बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी दिंडं चाळणीत वाफवत असताना दादाला झटके यायला लागले. शेजारच्या वस्तीवरली जीप आली, वडिलांनी त्याला उचलून आत घातलं, आई तशीच अनवाणी मागं बसली. बारामती यायच्या आत दादा गेला. घरात पातेल्यातलं पाणी आटलं, वरची दिंडं करपली, तो वास मला अजून येतो. मी कुणाला काही बोलले नाही. नऊ वर्षांच्या पोरीच्या डोक्यात एकच बसलं होतं, की उपवास मी मोडला म्हणून भाऊ गेला. आज मला कुणी असं सांगितलं तर मी त्याला झापीन. तेव्हा झापणारं कुणी नव्हतं.

आमच्याकडं रीत अशी, की ज्या सणाला घरातलं माणूस जातं तो सण त्या घराला बंद. मग त्याच सणाच्या दिवशी घरात मूल जन्मलं, नाहीतर दावणीची गाय व्याली, तरच तो सण परत सुरू होतो. आईचं ऑपरेशन झालेलं, म्हणजे मुलाचा प्रश्नच नव्हता. राहिली गाय.

आईला गोडधोडाची हौस उरली नव्हती, तिला एकच टोचत होतं. पोरगं मागून मागून गेलं आणि त्याच्या तोंडात दिंड पडलं नाही. पितरपाठात त्याच्या नावानं पान वाढायची तेव्हा खीर, वडे, सगळं करायची, पण दिंड पंचमीचंच, ते पंचमीलाच करायचं आणि त्याच दिवशी त्याच्या ताटात ठेवायचं, हे तिनं मनात धरलं होतं. सण बंद असताना करणार कशी? म्हणून ती बोटांवर महिने मोजायची. दिवाळीच्या मेळाला गाय भरली तर पंचमीला व्यायची. जनावरांचे डॉक्टर मोटरसायकलवरून आले की आई पदर सावरून त्यांना म्हणायची, पंचमीला येईल असं बघा. ते हसायचे, म्हणायचे, माझ्या हातात असतं तर काय पाहिजे होतं.

पहिल्या वर्षी गाय सहा दिवस आधी व्याली. दुसऱ्या वर्षी गाभच राहिली नाही. तिसऱ्या वर्षी चौथीच्या संध्याकाळी तिनं कास टाकली, म्हणजे आता व्यायचीच, आणि आई गोणपाट अंथरून गोठ्यातच बसली. एरवी आई देवळाची पायरी फारशी न चढणारी. त्या रात्री मात्र ती वारुळाच्या दिशेला तोंड करून सारखी हात जोडत होती, असं वडील सांगायचे.

पहाटे तिला उभं राहवेना, तेव्हा वडिलांनी तिला जरा पड म्हणून घरात पाठवलं, मला गाईजवळ बसवलं आणि सायकलला कॅन अडकवून ते डेअरीला गेले. काही झालं तर हाक मार, एवढं बजावून. ते वळणावर दिसेनासे झाले आणि गाईनं भुईवर अंग टाकलं. आधी दोन खूर दिसले, मग नाक, मग भळकन सगळं वासरू. खोंड होता. अजून तांबडंसुद्धा फुटलं नव्हतं.

आमच्यात दिवस मोजतात तो सूर्य उगवल्यापासून. म्हणजे हा खोंड चौथीचा. आणखी थोडं थांबला असता तर काय बिघडलं असतं? इतका राग आला मला त्याचा. हाक मारायला तोंड उघडलं होतं, ते मी मिटलं. गाय वासराला चाटत राहिली, मी गव्हाणीला टेकून बसून राहिले. तांबडं फुटलं, कोंबडे ओरडून थकले, वासरू धडपडत चार पायांवर उभं राहिलं. सूर्य उसावर आल्यावर मी जोरात ओरडले, आई, गाय व्याली.

आई धावत आली. गुडघ्यावर बसून तिनं वासराच्या पाठीवरनं हात फिरवला. वासरू चाटून चाटून कोरडं झालं होतं. तिचा हात जरा थांबला. माझ्याकडं न बघता तिनं विचारलं, "दिवस उगवला हुता?"

"व्हय," मी म्हणाले.

त्या दिवशी आमच्या घरात दिंडं झाली. पुरण आदल्या दिवशी वाटलेलं नव्हतं, तर शेजारणीनं तिच्यातलं आणून दिलं. आईनं पहिलं दिंड दादाच्या ताटात ठेवलं, त्यावर तूप घातलं, आणि ताटाला हात लावून ती इतकी रडली की शेजारणीनं तिला धरून बसवलं. तीन वर्षांत ती अशी रडली नव्हती. संध्याकाळी ताटातलं ते दिंड तिनं कुस्करून खोंडाच्या जिभेला लावलं. त्याला ती बाळा म्हणायला लागली. माझं पोरगं पंचमीलाच गेलं आणि पंचमीलाच माघारी आलं, असं येईल त्याला सांगायची. ती परत मंडईला जायला लागली, डोक्याला तेल लावायला लागली. मला वाटलं, चला, आपलं पाप फिटलं.

पण जर्सीचा खोंड कुणाच्या कामाचा? औताला चालत नाही, वर दूध पितो. वडिलांनी तीन महिने तो तसाच ठेवला. भाऊबीजेला आई माहेरी, इंदापूरला गेली, तेवढ्यात त्यांनी तो एका व्यापाऱ्याला देऊन टाकला. वडील वाईट नव्हते. सगळीच माणसं तेच करायची. आई दोन दिवसांनी एसटीनं आली, ती पिशवी घेऊन सरळ गोठ्यात. बाळासाठी मामीकडची करंजी आणली होती. खुंटा मोकळा. करंजी खुंट्याजवळ ठेवली आणि तिथंच बसली. जेवायला उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

मला बघवेना. दुपारी मी तिच्यापुढं जाऊन बसले आणि सगळं सांगून टाकलं. तो दादा नव्हता, तो चौथीलाच जन्मला, मी मुद्दाम हाक मारली नाही. पुरणाचंही सांगितलं. मला वाटलं, खरं कळलं की तिचं दुःख कमी होईल, वासरू ते वासरू म्हणून ती उठेल आणि जेवेल. काय अक्कल होती माझी. मारेल म्हणून मी डोळे गच्च मिटले होते.

तिनं मला जवळ ओढलं. पुरणाचं तिनं एका वाक्यात मिटवलं, उपाशी लेकरानं खाल्लं तर देव भावाला न्हेत नसतो म्हणाली. मग माझ्या तोंडावर हात ठेवला. "वासराचं मातुर परत बोलू नगं. एवढं तरी राहू दी मला."

पुढच्या पंचमीला दिंडं चाळणीत ठेवताना, शेजारणी बसलेल्या असताना, तिनं मला विचारलं, सांग गं, दिवस उगवला हुता न्हवं? मी म्हणाले, व्हय. त्यानंतर दर वर्षी विचारायची. उत्तर दिल्याशिवाय चाळणीवर झाकण ठेवायची नाही. बाकीच्यांना वाटायचं, कौतुकानं विचारते. तिला खरं माहीत होतं आणि खोंड झाल्यापासून ती रोज देवापुढं हात जोडायची, या दोन्ही गोष्टी एकाच बाईत कशा मावायच्या, हे मला फार दिवस कळलं नाही. माझा देवावरचा विश्वास तसा बेताचाच. पण त्या प्रश्नाचं उत्तर मी कधी चुकवलं नाही.

नव्व्याण्णव साली लग्न होऊन मी इंदापूरला गेले. पहिल्या पंचमीला सासुरवाशिणीला न्यायला मुराळी येतो, तो भाऊच असतो. आळीतल्या सगळ्या पोरींचे भाऊ आले. माझ्या दारात वडील आले, धोतर झटकत, पिशवी काखेत मारून. मी त्यांच्या पाया पडले आणि मला हुंदका आवरेना. एसटीत बारामतीपर्यंत आम्ही दोघं खिडकीबाहेर बघत बसलो.

घरी आई चुलीपुढं होती. केस पांढरे झाले होते. दादाचं ताट मांडलेलं. चाळण चढवली आणि झाकण हातात धरून ती थांबली. या वेळी प्रश्न विचारला नाही. नुसती माझ्याकडं बघत राहिली. मी आता मोठी झालेय, सासरची झालेय, अजून खोटं बोलेन की नाही, याची तिला खात्री नव्हती.

"उगवला हुता, आई," मी म्हणाले. "चांगला कासराभर वर आला हुता."

तिनं झाकण ठेवलं.