भाकर चालते, पाणी नाही

गिलास हातात आला की ती मॅडम आधी उन्हाकडे धरायची. मग म्हणायची, "दिसाले साफ हाय बाबाजी, म्हणूनच भेव वाटते." अन् गिलास तसाच खाली ठेवायची.

सरकारी जीपमधून उतरणारी माणसं तुम्हीही पाहिली असतील. आधी सावली शोधतात. ही उतरली की सरळ विहिरीकडे. मेहकरकडची होती, भूजल खात्यात. आमच्या जळगाव जामोदच्या खारपाणपट्ट्यात, जिथं जमिनीखालचं पाणीच खारं, पावसाळ्याआधी एकदा अन् नंतर एकदा यायची, विहिरीचं पाणी तपासणीसाठी बाटलीत भरून न्यायला.

माझी विहीर बापानं खोदलेली. गावच्या विहिरीवर आम्हाला चढू देत नव्हते, म्हणून खोदली. त्या पाण्याला नाव ठेवलेलं मला खपत नाही. आजही नाही. तिनं पहिल्यांदा गिलास खाली ठेवला तेव्हा माझं डोकंच फिरलं.

"काऊन? आमच्या घरचं पाणी चालत नाही का तुमाले?"

ती जागची हलली नाही. "पाणी नाही चालत. भाकर चालते. हाय का?"

बायकोनं भाकर अन् ठेचा दिला. मॅडमची स्वतःची प्यायच्या पाण्याची बाटली कधीच संपली होती. डोळ्यांतून धारा लागल्या, नाक लाल झालं, पण गिलासाला हात नाही.

"अवो माय, मरशीन ना वं!" बायको म्हणाली.

"ठेच्यानं कोणी मरत नाही मावशी. ह्या खारानं किडनी जाते, माणूस आतून झिजते."

त्या दिवशी मी तिला तपासणीची बाटली भरू दिली. पण विचारलंच, "आमची तहान सरकारले दिसत नाही का?"

"तहान मुंबईहून दिसत नाही बाबाजी, बाटलीतल्या खाराचा आकडा दिसते. अन् एका सालचा आकडा कोणी मानत नाही."

म्हणून ती येत राहिली. वरच्या मीटिंगमध्ये आमच्या गावासाठी साहेबांशी भांडते, असं तिचा ड्रायव्हर सांगे. मी दरवेळी विचारायचो, "माह्या घरी पाणी कवा पेसान?"

"नळ येऊ द्या. पहिला गिलास तुमच्याच घरचा."

नळ आला. धरणाचं गोड पाणी. त्याच्या आधीच तिची बदली झाली. कुठं, ते कोणी धड सांगत नाही.

परवा नवा साहेब आला. मी नळाच्या पाण्याचा गिलास दिला. मोबाईलवर बोलता बोलता त्यानं गटगट पिऊन टाकला, पाण्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

जीप गेल्यावर मी गिलास पुन्हा भरला अन् उन्हाकडे धरला. साफ होता. रस्त्याकडे पाहत तसाच उभा राह्यलो, हात भरून येईस्तोवर.