तिसरा मजला आणि पलीकडच्या दोन खोल्या

उचगावातल्या आमच्या बिल्डिंगमध्ये तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट अनुजा चौगुलेचा. ती मात्र राहते रस्त्याच्या पलीकडे, केरबामामांच्या दोन खोल्यांत, भाड्यानं. नव्या माणसाला हे सांगितलं की तो आधी हसतो. मी पहिल्या मजल्यावर राहतो, त्यामुळं हे कसं झालं ते मी पाहिलंय.

चौगुले जयसिंगपूरच्या पलीकडच्या खेड्यातले. अनुजाचा नवरा अमरसिंह शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीत सुपरवायझर. रोज मोटरसायकलवरून जाऊन येऊन त्याची पाठ धरली. त्यात मुलीचं कॉलेज कोल्हापुरात सुरू झालं, तेव्हा अनुजानंच घराचं मनावर घेतलं. शहरातले दर ऐकत ऐकत ते दोघं बाहेर सरकत गेले आणि इथं येऊन थांबले. तिसरा मजला तेवढा उरला होता, आणि तोच परवडत होता. लिफ्टचा खड्डा तयार होता. दिवाळीपर्यंत लिफ्ट बसेल, असं बिल्डर म्हणाला.

अमरसिंहची आई बायडाबाई, म्हणजे अनुजाच्या आत्ती, गुडघ्यांनी अधू. गावी तिच्याजवळ कुणी उरलं नव्हतं, म्हणून तीही आली. पहिल्या दिवशी ती दर वळणावर बसत बसत वर गेली. कुणाचा हात तिनं धरला नाही.

गावी दूध, भाजी, ज्वारी सगळं घरचं. इथं कोथिंबिरीची काडीसुद्धा विकत. उन्हाळ्यात टँकरची वर्गणी, महिन्याचा मेंटेनन्स, आणि सगळ्याच्या आधी बँकेचा हप्ता. अनुजानं ब्लाऊज शिवायला घेतले. एकदा माझ्या बायकोला म्हणाली, "गावात पैसं कमी हुतं, पण रोज पाकीट उघडावं लागत न्हवतं."

दिवाळी गेली, दुसरी आली. लिफ्टच्या खड्ड्यावर फळी तशीच. तेवढ्या काळात बायडाबाई एकदाही खाली उतरली नाही. बाल्कनीत बसून समोरचा केरबामामांचा गोठा बघायची. खालून कुणी ओळखीचं गेलं तर हाक मारायची, पण तिसऱ्या मजल्यावरून काय बोलणं होणार?

मग एका पावसाळ्यात तिला धाप लागली. आम्ही चौघांनी तिला प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. जिना अरुंद. वळणावर खुर्ची तिरकी करावी लागली, तेव्हा तिचं लुगडं सुटायला आलं. तिनं ते दोन्ही हातांनी धरलं आणि डोळे मिटून घेतले.

दवाखान्यातून ती बरी होऊन आली. रिक्षा गेटपाशी थांबली तशी आम्ही तीच खुर्ची घेऊन गेलो. खुर्ची बघितली आणि बाई रिक्षातून उतरेच ना.

"अनुजा, मला परत वर न्हेऊ नका," ती म्हणाली. "लाज जाती माझी. हितं कुणाच्या बी सोप्यात टाका."

अमरसिंह समजूत घालायला लागला. अनुजा सरळ रस्ता ओलांडून केरबामामांकडे गेली. मामा म्हशींना वैरण टाकत होते. तिनं खोल्या मागितल्यावर त्यांना आधी कळेना.

"फ्लॅट घेतलाय न्हवं तुम्ही समोर?"

"व्हय मामा. आत्तींस्नी चढवत न्हाय."

मामांनी वैरण खाली ठेवली. गोठ्याला लागून दोन खोल्या होत्या, त्यांत खताची पोती भरलेली. ती आम्हीच सगळ्यांनी मिळून बाहेर काढली. तोवर बायडाबाई मामांच्या ओट्यावर बसून त्यांची बायको, आक्का, हिच्याशी बोलत होती.

महिनाभरासाठी म्हणून ते तिकडं गेले. पण खोल्यांचं भाडं आणि फ्लॅटचा हप्ता दोन्ही भागेना. शेवटी वरचा फ्लॅट भाड्यानं द्यावा लागला. बँकेत नोकरी करणारं एक तरुण जोडपं आलं. किल्ली देण्याआधी अनुजा एक अख्खी दुपार स्वयंपाकघरातला ओटा घासत बसली होती. त्याच्यावरच्या फरश्या तिनं स्वतः निवडल्या होत्या.

यंदा लिफ्ट बसली. आता चौगुले वर येणार असं आम्ही धरूनच चाललो होतो. अमरसिंहनं एकदा माझ्यासमोरच विषय काढला. अनुजा शिवणावरून मान वर न करता म्हणाली, "भाडं बंद झाल्यावर हप्ता कुठनं भरायचा? आणि लाईट गेली, लिफ्ट अडकली, तर आत्तींस्नी परत खुर्चीत घालायचं?" अमरसिंह उठला आणि सेकंड शिफ्टला निघून गेला.

बायडाबाई आता बरी आहे. आक्काबरोबर मेथी निवडते, देठं मोठी ठेवली म्हणून तिच्याशी भांडते. अनुजा आतल्या खोलीत शिवते. तिथं उजेड कमी, म्हणून दिवसाही दिवा लावावा लागतो.

गेल्या महिन्यात भाडेकरणीचा फोन आला, नळ गळतोय म्हणून. अनुजा प्लंबरला घेऊन वर गेली. मीही सोबत होतो. काम होईपर्यंत ती हॉलमध्ये दाराजवळच्या खुर्चीवर, पाव्हण्यासारखी, टेकून बसली. त्या मुलीनं चहा दिला आणि सहज विचारलं, "काकू, इथं राहायला यावंसं वाटत नाही का तुम्हाला?"

"वाटतं की," अनुजा म्हणाली.

चहा संपवून तिनं कप विसळून ठेवला. नळ उघडून, बंद करून बघितला. गळत नव्हता. प्लंबरचे पैसे तिनंच दिले आणि खाली आली. संध्याकाळपर्यंत दोन ब्लाऊज द्यायचे होते.