अण्णांची द्राक्षवेल आणि माझा अर्ज

आता कसं सांगू तुम्हाला! स्वतःच्याच विरोधात अर्ज लिहून त्यावर अख्ख्या चाळीच्या सह्या गोळा करणारा माणूस पाहिलाय कधी? बघून घ्या, समोर बसलाय.

ब्याण्णव-त्र्याण्णव साल असेल. कोपरखैरण्याच्या बैठ्या चाळीत मी साताऱ्याचा ऊसवाला आणि शेजारी तासगावचे अण्णा. दोघंही मार्केटात माथाडी. अण्णांनी दारात मांडव घालून द्राक्षाची वेल चढवली होती. त्या वर्षी पहिल्यांदाच घोस दिसले. त्यांची लेक सुनंदा पोटुशी होती. पहिला घड तिच्या डोहाळजेवणाला, असं अण्णांनी सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

आणि दिवाळीनंतर चार दिवसांत वेलीची पानं आवळली! मिटलेल्या पंख्यासारखी झाली, फुलोरा गळून पडला.

"तळोज्याच्या कारखान्यांचा धूर!" मी निकाल दिला. मला कोणी विचारलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

लगेच अर्ज लिहिला. ‘दोषी इसमाने अण्णांच्या दारात येऊन हात जोडून माफी मागावी.’ घरोघर फिरून सह्या घेतल्या. तोवर अण्णांनी एसटीडी बूथवरून गावी फोन लावून भाच्याला बोलावलं. बाळू स्वतः द्राक्षबागायतदार. त्यानं पान उलटंपालटं केलं.

"मामा, ह्यो धूर न्हाई. कुनीतरी तणनाशक मारलंय, वाऱ्यानं उडून आलंय."

"नुसत्या वाऱ्यानं एवढं होतं?" मी मध्येच.

"द्राक्षाला नुसता वारा लागला तरी पुरं. उसात मारत्यात ते औषध दिसतंय."

ऊस म्हटल्यावर सगळी चाळ माझ्याकडे का बघायला लागली? अहो, आदल्याच आठवड्यात मी गावाहून उसातल्या तणनाशकाची बाटली आणून पलीकडच्या मोकळ्या प्लॉटवरचं गवत मारलं होतं. भर दुपारी, खाडीचा वारा सुटलेला असताना! तेव्हापासून दिसेल त्याला हाताला धरून तो प्लॉट दाखवत होतो.

अण्णांनी ते आवळलेलं पान माझ्या हातात दिलं. त्यांनी शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग म्हणाले, "भाऊ, तो अर्ज परत वाच की. मोठ्यानं."

वाचला. आणि लिहिल्याप्रमाणे हात जोडले.

डोहाळजेवणाला मी मार्केटातून द्राक्षांची पेटी घेऊन गेलो. सुनंदा पोटभर हसली आणि पोटभर खाल्लीसुद्धा.

पुढे वेल सावरली. पण आजही मी अण्णांच्या फाटकाशी पोचलो, की ते आधी बोट ओलं करून वर धरतात आणि आत ओरडतात, "भाऊ आलाय गं! थांब, वारा कुठनं हाय बघतो, मग आत घेऊ."