गिरगोर सलोतरी आणि बुळकांडीचं साल

माजिवड्याच्या पेद्रू परेराचा थोरला मुलगा ग्रेगरी परळच्या कॉलेजात तीन वर्षं राहून गुरांची डॉक्टरी शिकला. बापाची भातशेती होती. मुलगा नेमकं काय शिकला हे त्याला शेवटपर्यंत नीट सांगता आलं नाही. कोणी विचारलं तर तो म्हणायचा, पोरगा घोड्यांचा कंपौंडर झाला. सरकारी कागदावर हुद्दा लांबलचक इंग्रजी होता, पण १८९४ साली ग्रेगरी कल्याणच्या गुरांच्या दवाखान्यात आला आणि आठ दिवसांत लोकांनी त्याचा गिरगोर सलोतरी, म्हणजे गुरांचा वैद्य, करून टाकला.

दवाखाना म्हणजे कोंडवाड्याला लागून काढलेली कौलारू पडवी. आत औषधांचं एक कपाट, बाहेर जनावर अडकवून धरायचा लाकडी खोडा, दौऱ्यावर जायला एक सरकारी तट्टू, आणि हाताखाली मलमपट्टीला ड्रेसर धोंडीबा. धोंडीबाने मुंबईत ट्राम ओढणाऱ्या घोड्यांच्या तबेल्यात वीस वर्षं मोतद्दारी केली होती. पुस्तक त्याने उघडलेलं नव्हतं, पण आजारी जनावर तो नुसत्या वासावरून ओळखायचा. ग्रेगरी त्याला अहोजाहो करायचा.

काम कमी नव्हतं. टांग्यांची घोडी, गवळ्यांच्या म्हशी, शेळ्या, गाड्यांचे बैल, सगळं यायचं. पण यायचं ते उशिरा. आधी घरचा पाला, मग वैदूचा काढा, मग पोटावर तापल्या सळीचे डाग, मग भगताचा अंगारा, आणि भगतानेही हात टेकले की सलोतरी. एका टांगेवाल्याने पोटशुळाची घोडी चौथ्या दिवशी आणली. तोवर तिला तंबाखूचं पाणी आणि अफू पाजून झाली होती. ती खोड्याशीच आडवी झाली. अशी मरणाला टेकलेली जनावरं दारात येऊन मरायची, आणि गावोगाव बोललं जायचं की गिरगोराकडे नेलेलं जनावर परत येत नाही. म्हणून लोक आणखी उशिरा यायचे. जे जनावर वाचायचं, त्याच्याबद्दल मालक म्हणायचा, त्याचं मरण आलंच नव्हतं.

ग्रेगरी हे घरी येऊन बायकोला, सुझानाला, सांगायचा. पहिल्या वर्षी तो हसत सांगायचा. तिसऱ्या वर्षी जेवता जेवता ताट सरकवून उठायला लागला.

१८९७ च्या पावसाळ्यानंतर गवताचा हंगाम सुरू झाला. ठाकुर्लीचा पोपट म्हात्रे आपल्या बैलगाडीने गवताचे भारे कल्याणच्या स्टेशनावर आणून टाकायचा. एका सकाळी धोंडीबा तिथून येत होता, तो पोपटच्या गाडीपाशी थांबला आणि तसाच धावत दवाखान्यात आला. म्हणाला, "साहेब, चला. बैलाच्या तोंडाला वास आहे."

ग्रेगरीने जाऊन पाहिलं. बैलाच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, नाकाला चिकट शेंबूड होता. ओठ उलटवून बघितला तर हिरड्यांवर कोंडा चिकटावा तसे पांढुरके ठिपके. ही बुळकांडी होती. पाच-सहा दिवसांत रक्ताची हगवण लागते आणि दहातली सात-आठ गुरं जातात. गोठ्यातून गोठ्यात, तळ्यातून तळ्यात पसरायला तिला वेळ लागत नाही. त्याने पोपटला बजावलं, गाडी इथेच सोड, बैल कुठल्याही तळ्यावर पाजू नकोस. पोपटने मान डोलावली आणि ग्रेगरीची पाठ वळताच बैल जोडून गावाकडे हाकले. वाटेत दोन तळी लागतात. दोन्हींवर त्याने बैलांना पाणी दाखवलं.

दुसऱ्या दिवशी ग्रेगरी ठाकुर्लीला गेला. उत्तम पाटलाने चावडीपुढे माणसं जमवली. ग्रेगरीने सांगायचं ते सोप्या शब्दांत सांगितलं. आजारी गुरं एकीकडे, चांगली दुसरीकडे, दोन्हींत निदान एक शेत तरी मोकळं. गावतळ्यावर कोणतंच जनावर न्यायचं नाही. गाड्या गावाबाहेर जायच्या नाहीत. मेलेलं जनावर चुना टाकून खोल पुरायचं. एकवीस दिवस.

"आनि औषध काय देताव?" पाटलाने विचारलं.

"याच्यावर औषध नाही," ग्रेगरी म्हणाला.

तो खरं तेच बोलला होता. पण त्या तीन शब्दांनी गाव हातचं गेलं, हे त्याला बोलतानाच कळलं. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. त्याच वर्षी प्लेगपायी कल्याणात घरांवर खुणा झाल्या होत्या, आजारी माणसं घरच्यांपासून तोडून छावणीत नेली होती, आणि त्यातली बरीच परत आली नव्हती. मागून कोणीतरी म्हणालं, माणसांचा कॅम्प झाला, आता गुरांचा. माणसं उठून चालती झाली.

एक बाई तेवढी मागे राहिली. रतन तिचं नाव. नवरा खाडीत बुडून गेलेला, पोरबाळ नाही. दोन म्हशी आणि एक बैलजोडी तिने एकटीने सांभाळली होती. रोज पहाटे ती डोक्यावर दुधाची चरवी घेऊन कल्याणला यायची. तिने ग्रेगरीला रोगाबद्दल काही विचारलं नाही, फक्त कामाचं विचारलं. पाणी कुठलं चालेल, दुसऱ्याच्या हातचं गवत चालेल का, आपण स्वतः गावात गेलो तर काय. ग्रेगरीने सांगितलं, "पाणी तुमच्या शेतातल्या विहिरीचं. गवत तुम्ही कापाल ते. आणि गावात गेलात, तर दुसऱ्याच्या गोठ्यात पाऊल टाकू नका, रतनबाय."

त्याच दिवशी तिने चारही जनावरं खाडीलगतच्या खारट खाजणाच्या कडेला, बांधाच्या पलीकडे नेली. बांबू रोवून वर पेंढा टाकला आणि स्वतःही तिथेच राहायला गेली. गावातल्या बायांनी तिची पुष्कळ थट्टा केली. सलोतऱ्याने रतनला बाटवली, इथपर्यंत बोलून झालं.

ग्रेगरीने वर कागद लिहिला, की आठवडी बाजार आणि गवताच्या गाड्या बंद करण्याचा हुकूम व्हावा. मग रोज टपालाची वाट बघितली. सतराव्या दिवशी उत्तर आलं. अर्ज ठरलेल्या नमुन्यात नाही, तरी पुन्हा करावा.

तोवर गावाने आपला उपाय केला होता. राघो भगताने सांगितलं, माय कोपली आहे, सगळी गुरं तिच्यापुढून न्या. ग्रेगरीला खबर लागली तसा तो तट्टू पळवत गेला. पाटलाच्या हातापाया पडायचंच काय ते त्याने बाकी ठेवलं. देवीचं जे करायचं ते करा, म्हणाला, पण माणसांनी जा, गुरं नेऊ नका. पाटील वाईट माणूस नव्हता. तो म्हणाला, "सायब, तुमी बोललाव औषध नाय. मंग आमी हात बांधून बसू?" संध्याकाळी सत्तर-पंचाहत्तर गुरं एकमेकांना खेटून देवळापुढून गेली. आजारी, बरी, सगळी. वाटेत सगळी एकाच तळ्यात उतरली. ग्रेगरी कडेला तट्टूचा लगाम धरून उभा होता. त्याच्या डोळ्यांदेखत गाव मरणाला निघालं होतं आणि त्याला एक बैल अडवता आला नाही.

दहा दिवसांनी गुरं भराभर मरायला लागली. ग्रेगरी आणि धोंडीबा रोज जायचे. भाताची पेज पाजायची, तोंडं तुरटीच्या पाण्याने धुवायची, मेलेल्यांवर चुना टाकायचा. एक्केचाळीस गुरं गेली. पोपटचे दोन्ही बैल गेले. दुसरा पडला तेव्हा तो त्याच्या मानेवर डोकं ठेवून बसला होता, उठेना. धोंडीबाने त्याला काखेत हात घालून उठवलं.

रतनचं एकही जनावर आजारी पडलं नाही.

ग्रेगरीला वाटलं, आता तरी बोलायची गरज नाही, ज्याला डोळे आहेत तो बघेल. लोकांनी बघितलंच. त्यांनी बघितलं की सगळ्या गावाची गुरं मेली आणि एका विधवेची तेवढी जगली. पहिल्यांदा बोलला पोपट. म्हणाला, हिने आपली इडापिडा आमच्यावर ढकलली, म्हणून तर ती गावाबाहेर जाऊन बसली. दोन दिवसांत हे सगळ्या गावाचं म्हणणं झालं. रतन आता घरी परतली होती; ती तळ्यावर आली की बाया घागरी अर्ध्या भरून निघायला लागल्या. तिच्या दारावरून कोणी पोर जाऊ देईना. ही गोष्ट कल्याणलाही पोचली आणि चार घरांनी तिचं दूध तोडलं.

ग्रेगरी पुन्हा चावडीवर गेला. सगळं पहिल्यापासून सांगितलं, बोटांवर दिवस मोजून दाखवले. पाटलाने ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाला, "औषध नाय बोललाव तुमीच. बिनऔषधाची हिची गुरां जगली. मंग हिनं काय केलान, ता तरी सांगा."

"तेच सांगतोय," ग्रेगरी म्हणाला. "काही केलं नाही. लांब राहिली."

कोणीतरी हसलं. तिथे ग्रेगरीचा तोल गेला. तो म्हणाला की तुमची गुरं रोगाने नाही, तुमच्या अडाणीपणाने मेली, आणि पोपटने पहिल्या दिवशी ऐकलं असतं तर एवढी तरी मेली नसती. पोपट खाली मान घालून उठून गेला. बाकीचेही उठले. परतीच्या वाटेवर धोंडीबा म्हणाला, "खरं होतं, साहेब. पण बैल जाऊन आठ दिवस नाही झाले त्याचे." ग्रेगरीला स्वतःचीच शरम वाटत होती, आणि शरमेखाली राग तसाच होता.

त्याने सुझानाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, आपल्या माजिवड्याला गोठा रिकामा आहे, तिला तिकडे न्या. दुसऱ्या दिवशी ती स्वतः नवऱ्याबरोबर ठाकुर्लीला गेली, रतनच्या ओट्यावर बसली आणि तिच्या हातचं पाणी प्यायली. समोरच्या घरातून चार डोकी बघत होती. रतनने बोलणं ऐकून घेतलं आणि नको म्हणाली. "गुरां मरत व्हती तवा मी पलाले नाय," ती म्हणाली. "आता मानसांना भिऊन कशाला पलू?" त्या दिवसापासून तिचं दूध परेरांच्या आणि धोंडीबाच्या घरी यायला लागलं.

ग्रेगरीने अकरा पानांचा रिपोर्ट लिहिला. रतनने काय केलं, कोणत्या दिवशी केलं, सगळं त्यात होतं. असं दर गावात दोन माणसांना शिकवता येईल, असं त्याने शेवटी सुचवलं. उत्तर आलं ते वेगळंच. या दोन महिन्यांत दवाखान्यात आणलेल्या जनावरांची संख्या निम्म्यावर का आली, याचा खुलासा करावा. तो त्या वेळी गावोगाव फिरत होता, तेव्हा दवाखान्यात कोण असणार? त्याने तसा खुलासा लिहिला, ठरलेल्या नमुन्यात. राजीनाम्याचाही एक कागद त्याने लिहिला होता. तो कपाटात टिंचरच्या बाटल्यांखाली महिनाभर होता, मग भिजून गेला.

दोन वर्षांनी, १८९९ च्या हिवाळ्यात, खाडीपलीकडच्या गावात पुन्हा बुळकांडी निघाली. ग्रेगरी ठाकुर्लीला निघाला तो मनातल्या मनात भांडतच. चावडीवर काय बोलायचं आणि लोक काय उत्तर देणार, दोन्ही त्याला पाठ होतं. पण खाजणाच्या बांधावर त्याला नवी बैलजोडी बांधलेली दिसली. वर पेंढ्याचं छप्पर होतं. पोपट कावडीने पाणी आणत होता.

ग्रेगरी खाली उतरला. पोपटने कावड ठेवली आणि न विचारताच म्हणाला, "हितं वारा बरा लागतं."

"किती दिवस ठेवणार?"

"एकवीस," पोपट बोलून गेला. मग त्याने दुसरीकडे बघितलं.

ग्रेगरी म्हणाला, मग एवढं चावडीवर सांग. रतनने चेटूक केलं नव्हतं, एवढं एकदा सगळ्यांसमोर बोल. पोपट बराच वेळ बैलाच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. "ता आता कसा बोलायचा, सायब," एवढंच तो म्हणाला.

तसाच ग्रेगरी रतनकडे गेला. तिला हे सगळं आधीच ठाऊक होतं. चार दिवसांमागे पोपट परसदारी येऊन उभा राहिला होता, दोन वर्षांत पहिल्यांदा. आत आला नाही, माफी मागितली नाही. पाणी कुठलं, गवत कुठलं, एवढं विचारलं. तिने सगळं सांगितलं आणि आपली जादा घागरही दिली. मागून आणखी सात घरची माणसं तशीच परसदारी येऊन गेली होती.

ग्रेगरी चिडला. म्हणाला, आधी त्याला चावडीवर उभं करायचं होतं, मग सांगायचं होतं.

"बैलांचा काय गुना?" रतन म्हणाली, आणि शेण उचलायला लागली.

त्या साली ठाकुर्लीत तीनच गुरं मेली. मायने राखलं, असं पाटील म्हणाला आणि गावाने देवळाला नवी कौलं घातली. रतनशी बाया हळूहळू बोलायला लागल्या, पण झाल्या गोष्टीबद्दल कोणी अवाक्षर काढलं नाही. ग्रेगरीला ते शेवटपर्यंत खुपत राहिलं.

रतनकडे गेला त्या सकाळी मात्र त्याला बोलत बसायला वेळ नव्हता. धोंडीबा निरोप घेऊन आला होता. खाडीपलीकडच्या गावात एका खोंडाला तिसऱ्यांदा डाग दिले होते, आणि आता त्याचा मालक सलोतऱ्याला बोलवत होता.