सीधे हात

डोळ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मुलाने स्कूटरची चावी कपाटात ठेवली. महिन्याने डॉक्टर म्हणाले, आता गाडी चालवा. मुलगा म्हणाला, "डोळा बरा झाला, पण शहर बदललंय, बाबा. ताईचं नवं घर उप्पलच्या पलीकडे आहे. फोनच्या भरवशावर एकटे पोचून दाखवा, मग चावी तुमची."

मी चौथी शिकलो, पण चाळीस वर्षं बेकरीचे डबे याच शहरात पोचवले. काचीगुडा, नल्लकुंटा, चिक्कडपल्ली, कुठल्या गल्लीत कुठलं कुत्रं अंगावर येतं ते मला ठाऊक. परीक्षा द्यायची म्हणजे अपमानच. तरी हो म्हणालो, कारण चावी त्याच्याकडे होती.

परीक्षेपुरती चावी मिळाली. नातीने फोन स्कूटरच्या हँडलला लावला. त्यात निळी रेघ. ती बघायची तर जवळचा चष्मा, रस्ता बघायचा तर लांबचा. दोन्ही एका नाकावर बसत नाहीत. म्हणून आवाज घेतला.

"आजोबा, मराठीत लावू?"

"मराठी घरात. रस्त्यावर हिंदी."

उप्पलपर्यंत फोनमधल्या बाईचं मी ऐकलंच नाही, तिथवर रस्ता माझा होता. पुढच्या कॉलन्या सगळ्या एकासारख्या एक. एका चौकात बस कानाशीच भोंगा वाजवत उभी, आणि बाईचा एकच शब्द कानात शिरला, "सीधे". पुढचं बसने खाल्लं. आमच्या हैदराबादेत उजव्या हाताला सीधा हात म्हणतात. जन्मभर लोकांनी मला "सीधे हात कू मारो" असंच सांगितलं. आणि सरळ तर मी जातच होतो, ते सांगायला बाई कशाला लागते? मी उजवीकडे वळलो.

बाई "यू टर्न लें" म्हणू लागली. बरंच पुढे गेल्यावर थांबलो. मुलाला फोन करावा, तर चावी हातची जाणार. गाडीवरच्या केळीवाल्याला कॉलनीचं नाव सांगून रस्ता विचारला. तो हँडलकडे बघून म्हणाला, "चाचा, फोन लगाके मेरे कू पूछरे?"

त्याच्याकडून डझनभर केळी घेतली. मग चष्मा बदलून चित्र पाहिलं. रेघ मागे राहिली होती, चौकातून सरळ गेलेली.

पोचलो तर मुलगा आधीच येऊन चहा पीत बसलेला.

"चौकातून उजवीकडे कशाला गेलात?"

त्याच्या फोनात मी ठिपका होऊन दिसत होतो, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

"केळी घ्यायला."

"इथे ताईच्या दारातच केळीवाला बसतो."

"त्याची कच्ची आहेत," मी म्हणालो. मी ती पाहिलीही नव्हती.

मुलीने पिशवी उघडली. माझी केळी हिरवीगार होती. ती केळी आत घेऊन गेली.

मुलाने कप खाली ठेवला. "हिंदीत लावलं होतं ना? सीधे म्हणाली का ती?"

मी पाणी प्यालो. तोही इथेच वाढलेला आहे.

"जाताना मराठीत लावा," तो म्हणाला. चावी माझ्या खिशात होती. ती त्याने मागितली नाही.

परतताना मराठीत लावलं. बाई सरळ जा म्हणाली की मी सरळ जात होतो, उप्पलपर्यंत. तिथून पुढे पुन्हा रस्ता माझा.

केळी चार दिवसांनी पिकली, असं मुलीने फोनवर कळवलं.