बिन रेगमालाचा वाडगा

बातमी सुनीलच्या फोनवर आली. भाऊजी कृष्णपुऱ्याच्या बाजारात लाकूडकामाची हत्यारं घ्यायला गेले होते. दुकानाच्या पायरीवर बसले, पाणी मागितलं आणि पाणी येईपर्यंत सगळं संपलं होतं. सुनील, माझा मुलगा, चपला घालता घालता मला सांगून गेला. मी तांदूळ निवडत होते. ते निवडून पूर्ण केले, डब्यात भरले, मग शेजारी सांगायला गेले. आता याला दोन महिने होतील.

भाऊजी म्हणजे माझे धाकटे दीर. त्यांनी लग्न केलं नाही. मिलमध्ये असताना सुतारखात्यात लाकूड फिरवून कातायच्या खराद मशीनवर सुताच्या बॉबिनी बनवायचे. मिल बंद पडली, मग घराजवळ परदेशीपुऱ्यातच एका फर्निचरवाल्याकडे लागले. सुनीलचे बाबा गेले त्या वर्षी ते काम सोडून त्यांनी घरातल्या मागच्या खोलीत स्वतःची मशीन बसवली. घरात बाईमाणूस एकटं नको, असं ते इतरांना सांगत. मला कधी म्हणाले नाहीत. आमचं बोलणं थोडंच... जेवायला वाढलंय, पाणी आलंय, एवढंच.

ते वाडगे, लाटणी, खलबत्ते, पोरांचे खुळखुळे करायचे. शिसवाचा तुकडा मशीनवर फिरायला लागला की लाकडाचे छिलके उडायचे, ते जाड, जमिनीवर पडायचे. त्यानंतर रेगमाल लावायचे, म्हणजे लाकूड घासायचा कागद. आधी जाडा, मग मधला, मग अगदी बारीक. शेवटी वाडगा गालाला लावून बघत. गालाला काही लागलं तर पुन्हा मशीन चालू. सराफा बाजाराकडचा एक दुकानदार त्यांच्या मालाला ‘मक्खन’ म्हणायचा. ते ऐकून भाऊजी मान खाली घालून हसत. दुसऱ्या कशाचं त्यांना एवढं कौतुक मी पाहिलं नाही.

बारीक रेगमालाची भुकटी मात्र मैद्यासारखी. ते तोंडाला गमछा बांधत, भिंतीत वर एक पंखाही बसवला होता, धूळ बाहेर फेकायला. मशीन थांबली की गमछा सोडत आणि मी झाडू घेऊन आत जाई. दिवसभर उभे असतात, तेवढाच हातभार, असं मला वाटे. स्वयंपाकघर आणि ती खोली यांच्यामध्ये फक्त पडदा होता.

मला खोकला लागला. मग जिना चढताना छाती वाजायला लागली. भाऊजीच दवाखान्यात घेऊन गेले. डॉक्टरांनी विचारलं, “घर में धूल-धुआँ है क्या कुछ?” मी म्हटलं, “नहीं, कुछ नहीं.” भाऊजी बाहेर बाकावर बसले होते. खरं सांगितलं असतं तर मशीन बंद झाली असती. दर वेळी तेच विचारायचे, दर वेळी मी तेच सांगायचे. दोन वर्षं असं चाललं. मग एकदा डॉक्टरांनी बाहेर येऊन भाऊजींनाच विचारलं. घरी आल्यावर भाऊजींनी माझा तवा घासून पुसून स्वयंपाकघरातल्या फळीवर पालथा ठेवला आणि दिवसभर नेहमीसारखं काम केलं. संध्याकाळी मला हाक मारली.

“वहिनी, हे काय आहे?”

तव्यावर पांढुरकं बसलं होतं. “पीठ असेल,” मी म्हटलं.

“आज तुम्ही भात केलाय.” त्यांनी तव्यावर बोट ओढलं, काळी रेघ उमटली. “दो साल से डॉक्टर को क्या बता रहे थे तुम्ही?”

मी कणीक मळायला घेतली. भातच झाला होता, तरी घेतली.

दुसऱ्या दिवसापासून झाडू त्यांनी माझ्या हातातून घेतला. ओलं फडकं आणलं. पडद्याच्या जागी दार लावलं. वरचा पंखा काढला. तो सगळी धूळ तोंडावरून वर ओढतो, एवढी वर्षं आपण उलटंच करत होतो, असं सुनीलला म्हणाले. पत्र्याचा डबा कापून मशीनच्या मागे, लाकडाच्या अगदी जवळ बसवला, त्यातून पाइप काढून पंखा पाइपाच्या टोकाला लावला. दर खेपेला तवा पुन्हा फळीवर. धूळ कमी होत गेली, तरी पुसट थर यायचाच. तिसऱ्यांदा थर दिसला तेव्हा त्यांनी घरातले सगळे रेगमाल गठ्ठा बांधून त्या फर्निचरवाल्याला देऊन टाकले.

त्यानंतर नुसत्या हत्याराने काम. तासभर धार लावत. फिरत्या वाडग्यावर मूठभर छिलके दाबून चमक आणत. चमक यायची, पण हत्याराच्या रेषा राहायच्या. तो दुकानदार घरी आला होता तेव्हा म्हणाला, “अरे भाऊसाब, इसमें तो लाइनें हैं. वो मक्खन माल कहाँ गया?”

“मक्खन डेअरी पे मिलेगा भिया. ये लकडी है.”

तो हसला, पण पुढे त्याने माल घेणं बंद केलं. मी दाराआड होते. बाहेर येऊन, तुम्ही घासा, मला काही होत नाही, असं म्हणावं असं वाटलं. म्हटलं नाही. वर्षभरात जिना चढताना माझी छाती वाजेनाशी झाली. तेही त्यांना सांगितलं नाही. छातीचा आवाज त्यांना ऐकू येत नव्हताच ना आता, त्यावरून कळलं असेल...

मशीनवर एक वाडगा अजून तसाच पकडलेला आहे. बाहेरून झालाय, आतून कोरायचा राहिलाय. परवा सुनील म्हणाला, “आई, काकांचे एक दोस्त आहेत. पूरा करून देतील, रेगमाल मारून एकदम चिकना. आठवण राहील.”

“नाही,” मी म्हटलं. जरा जोरातच निघालं. सुनीलने वळून पाहिलं.

दुपारी कामं उरकली की मी त्या खोलीत जाऊन स्टुलावर बसते. वाडग्यावर हत्याराच्या रेषा आहेत, बारीक, एकीला लागून एक. त्यांवरून बोट फिरवते. थोडा वेळ श्वास घेत बसते आणि चहाची वेळ झाली की उठते.